मुलांकडे मोबाइल नाहीत, तरी सोलापुरातल्या मराठी शाळेत ऑनलाइन क्विझ घेता येईल का?

हो, नक्की येईल. शिक्षकाचा एक स्मार्टफोन आणि कागदाची कार्डं एवढं पुरतं. 'प्लिकर्स' हे क्विझचं अ‍ॅप वापरा, मी पूर्व भागातल्या शाळेत तेच वापरते. 40 कार्डांचा संच त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतो. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी नक्षी आणि चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा, मुलांनी आपल्या उत्तराची बाजू वर ठेवून कार्ड धरायचं, तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कुणी काय उत्तर दिलं ते लगेच दिसतं. नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड चमकला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. 1/3 मोठा की 1/4, हा प्रश्न विचारून बघा. 4 हा 3 पेक्षा मोठा म्हणून 1/4 म्हणणारी मुलं तिथेच कळतात. एरवी ती गप्प बसतात.

संगणक कक्षात 'काहूट' ही ऑनलाइन क्विझ घेणार असाल तर एक जपा: तिथे बरोबर उत्तराचे गुणही उशीर झाला की कमी होतात, अगदी निम्म्यापर्यंत. आपल्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी मुलं आहेत. त्यांना उत्तर येत असतं, मराठी प्रश्न वाचायला जरा वेळ लागतो, म्हणून ती मागे पडतात आणि हिरमुसतात. प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवून ठेवा आणि प्रश्न आधी मोठ्याने वाचून दाखवा.