रेसिंग केलेल्या बापाने मुलाला कार्टिंगमध्ये घालावे का?

आपण घोडबंदर रोडला राहता, तरुणपणी ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या मैदानात आखलेल्या मार्गावर वेळ लावून होणाऱ्या शर्यतीत) गाडी चालवली आहे आणि आता नऊ वर्षांचा मुलगा कार्टिंगसाठी, म्हणजे छोट्या, उघड्या शर्यतगाड्यांच्या खेळासाठी, हट्ट धरून बसला आहे. खर्च किती येईल आणि आपलीच अपुरी राहिलेली हौस त्याच्यावर लादल्यासारखे होईल का, असे आपण विचारले आहे. उत्तर लिहायला बसलो ते दुसऱ्या प्रश्नामुळे, कारण हाच आरोप माझे थोरले बंधू गेली कित्येक वर्षे माझ्यावर करत आले आहेत.

मुलाला अवश्य घाला. ज्या बापाने स्वतः रेसिंग केले आहे त्याच्या मुलाला या खेळात जो आधार मिळतो, तो पैसे मोजून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वागळे इस्टेटमध्ये माझे लहानसे मशीन शॉप आहे. जमेल तेव्हा सुट्टी काढून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मी माझी मारुती इस्टीम शर्यतीत चालवत असे. मुलगी कार्टिंगमध्ये उतरली तेव्हा ती गाडी विकली, कारण एका घरात दोघांचे टायर परवडत नाहीत. गाडी गेल्याचे दुःख मला तेव्हा झाले नाही आणि आजही नाही.

मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर सरावाला गेलो होतो. अंबाबाईचे दर्शन होईल म्हणून दादाही बरोबर आले होते. कार्ट एका टीमकडून भाड्याने घेतली होती. बारीक वळणांवर मुलगी सतत मागे पडत होती, तेव्हा त्या टीमचा मेकॅनिक आम्हा दोघांसमोर म्हणाला, "मुलगी घाबरते, लवकर ब्रेक मारते." दादांनी ते वाक्य उचलले आणि तिथेच, तिच्या देखत, मला सुनावले, "ऐकलंस? पोरगी घाबरलीय आणि तू तिला ढकलतोयस."

मी काही न बोलता त्या वळणाच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर (आसावर) असतात, त्यामुळे वळताना आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले गेले नाही तर कार्ट वळायला नकार देते आणि नाकासमोर सरकत राहते. माझ्या मुलीचे चाक उचललेच जात नव्हते. ती वजनाने हलकी होती आणि सीट खाली बसवलेली होती, म्हणून वळताना बाहेरच्या बाजूला पुरेसे वजन जात नव्हते. कार्ट वळत नाही हे समजल्यावर कोणताही शहाणा ड्रायव्हर लवकर ब्रेक मारतो, आणि ती नेमके तेच करत होती. मेकॅनिकची परवानगी घेऊन मी सीट थोडी वर घेतली. पुढच्या फेऱ्यांत चाक उचलले जाऊ लागले, ब्रेकची जागा आपोआप पुढे सरकली, आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत) आल्यावर हेल्मेट काढायच्या आधीच तिने "बाबा, आता वळते!" असे सांगितले. सीट हलली, मुलगी तीच होती. ज्या बापाने कधी ट्रॅकवर गाडी चालवली नाही, त्याने 'घाबरते' हा निदानाचा शब्द खरा मानून तिला घरी नेले असते, आणि त्याला दोष देता आला नसता.

फर्नांडो अलोन्सोचे वडील होसे लुईस स्पेनमध्ये स्फोटकांच्या कारखान्यात नोकरी करत आणि हौस म्हणून कार्ट चालवत. त्यांनी कार्ट बनवली ती थोरल्या मुलीसाठी, परंतु तिला गोडी लागली नाही आणि तीन वर्षांचा फर्नांडो त्यात बसला. पावसाळी टायर घेण्याइतके पैसे नसल्याने तो ओल्या ट्रॅकवर कोरड्याचेच टायर वापरून शिकला. त्याच मुलाने 2005 आणि 2006 अशी दोन वर्षे फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळवले. आपल्याकडे 2005 मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, हाही रॅली चालवणाऱ्या वडिलांचाच मुलगा. लादणे म्हणजे काय, हे होसे लुईस यांच्या थोरल्या मुलीकडे पाहून ठरवावे: तिला नको होते, तिला कोणी बसवले नाही.

खर्चाचे आकडे दर हंगामाला बदलतात, ते आयोजकांकडूनच घ्या. इंजिनापेक्षा टायर, प्रवास आणि अपघातात वाकलेले ॲक्सल जास्त खातात, एवढे ध्यानात ठेवा. रोटॅक्स या कंपनीच्या इंजिनांवर चालणाऱ्या कार्टिंग मालिकेतील इंजिन सीलबंद असते, ते घरी उघडता येत नाही, म्हणून आपली कारागिरी प्लगचा रंग, कार्ब्युरेटरचा जेट (इंधन सोडणारे बारीक छिद्र), हवेचा दाब आणि सीट यांपुरतीच चालेल. पहिले वर्ष कार्ट विकत न घेता भाड्यानेच काढावे.

माझी मुलगी सीनियर कार्टिंगपर्यंत गेली, कोइंबतूरला एलजीबी फॉर्म्युला या एकआसनी शर्यतगाड्यांच्या मालिकेतील काही शर्यती धावली, आणि पुढे प्रायोजक मिळाला नाही म्हणून थांबली. आज ती पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी करते. "मी कोल्हापुरातच सांगितले होते," असे दादा अजूनही प्रत्येक गणपतीत म्हणतात. ते हे उत्तर वाचतील, म्हणून येथे लिहून ठेवतो: दादा, ती पैशाअभावी थांबली, भीतीपोटी नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरी तुम्ही तिच्यासमोर पुन्हा म्हणू नये, ही विनंती आहे.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. माझ्याकडे स्वतःचे वर्कशॉप होते, म्हणून बराच खर्च वाचला. नोकरदार माणसाला तो पूर्ण सोसावा लागेल, त्यासाठी राहते घर किंवा भविष्य निर्वाह निधी यांना हात लावू नये. आणि मूल कार्टमध्ये बसलेले असताना रेसर बापाने पान्याला हात लावावा, पण गाडी कशी चालवायची हे मात्र प्रशिक्षकाला सांगू द्यावे. कार्टला पट्टा नसतो, तेव्हा बरगड्यांचे संरक्षक कवच पहिल्याच दिवशी घ्या.