पिंजऱ्यांचं जमलं, खाद्याचं काय?

करमाळा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: मेहुण्यांच्या भागीत उजनी धरणात जाळीचे सहा पिंजरे टाकून पंगस मासा करायचा आहे. पिंजऱ्याला 3 लाख, एकूण 18. वडिलांच्या निवृत्तीच्या 20 लाखांतली 12 लाखांची एफडी मोडू, 6 लाख सोनं तारण ठेवून काढू. 40 टक्के सबसिडी येईलच. करू का?

सहा नको, दोन करा. सोनं घरातच राहू द्या.

तुमच्या हिशोबात पाइप आहेत, जाळी आहे; मासा खाणार काय, ते नाही. 6 बाय 4 बाय 4 मीटरच्या पिंजऱ्यात तीन टन माल आणि किलोभर माशाला दीड किलो खाद्य धरलं, तर सहा पिंजऱ्यांना 27 टन लागतं. किलोला 50 रुपये धरा: साडेतेरा लाख, तेही एक मासा विकायच्या आधी. मत्स्य संपदा योजनेची सबसिडी कामाची तपासणी होऊन हातात पडते. खाद्यवाला तोवर थांबेल?

हेच दीड किलो 1.8 वर गेलं की पिंजऱ्यामागे 45 हजार गेले. आणि जातं ते. थंडीत पंगस खाणं कमी करतो, आपण मात्र मापानं टाकत राहतो. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी उतरतं, शेवाळ माजतं, पहाटे पाण्यातला ऑक्सिजन घटतो. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून लगेच मरत नाही, पण वाढ खुंटते. जाळीची भोकं शेवाळानं बुजली, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दाटीनं सोडली, की त्यात भरच.

जागा आज भरलेलं पाणी बघून ठरवू नका. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळचा मृतसाठाही उतरला होता. तेव्हा तुमच्या जागी किती पाणी होतं, हे तिथल्या मच्छीमारांना विचारा. चार मीटर जाळीखाली आणखी काही मीटर पाणी उरत नसेल, तर ती जागा सोडा.

दोन पिंजऱ्यांना 6 लाख, खाद्याला साडेचार, वर बोटुकली आणि राखण. 12 लाखांत बसतं. तरी एफडी पूर्ण मोडू नका. मत्स्यव्यवसायालाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, खाद्याचा खर्च त्यातून काढा. माल श्रावणात तयार होणार नाही, असं बघून बीज सोडा. उजनीची चिलापी (तिलापिया मासा) बाजारात स्वस्तात येते, त्यामुळे दर आधीच व्यापाऱ्याशी बोलून घ्या.

आणि मेहुण्यांशी जे ठरेल ते स्टॅम्प पेपरवर. मासे मेले तर तोटा कोणाचा किती, हे कलम आधी लिहा.