पिकअपच्या हेडलाइटला हॅलोजन बल्ब बरा की एलईडी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, बोलेरो पिकअपमधून दिंडोरीचा भाजीपाला घेऊन तुम्ही रात्री वाशी मार्केटला जाता, कसारा घाटात हेडलाइटचा उजेड पिवळट आणि अपुरा वाटतो, डेकोरच्या दुकानदाराने त्याच हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवण्याचा सल्ला दिला आहे आणि तो मानावा की नाही हे तुम्हाला ठरवायचे आहे. माझे उत्तर आहे, मानू नका. आधी बल्बच्या होल्डरपर्यंत व्होल्टेज किती पोहोचते ते तपासा, बल्बमागचा आरशासारखा रिफ्लेक्टर आणि पुढची काच पाहा, फोकस, म्हणजे प्रकाशाची दिशा, लावून घ्या आणि मग चांगल्या कंपनीचे ६०/५५ वॅटचे एच४ हॅलोजन बल्ब जोडीने बदला. नाशिकमध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामावरच माझे घर चालते आणि नेमक्या याच विषयावर आमच्या घरात काही वर्षांपासून वाद चालू आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

एच४ बल्ब तुम्ही हातात घेतला असेलच, पण एकदा काचेला बोट न लावता तो उजेडात धरून नीट पाहा. आत टंगस्टनच्या दोन तारा दिसतील. पुढच्या तारेखाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते. ती डिपरची, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताची, तार. तिचा खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडवते, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून प्रकाश खाली रस्त्यावर येतो. वाटीची एक कड किंचित तिरकी असते आणि तिच्यामुळेच आपल्या डाव्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या कडेला चालणाऱ्या माणसाकडे आणि बैलगाडीकडे, प्रकाश थोडा वर चढतो, तर उजवीकडे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांखालीच राहतो. हा बल्ब १९७१ साली आला आणि तेव्हापासून त्यातील तारेची जागा मिलिमीटरच्या अंशांपर्यंत ठरलेली आहे. तुमच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर त्या जागेवरच्या तारेसाठी घडवलेला आहे.

एलईडी बल्बमध्ये त्या तारेच्या जागी पातळ पट्टी असते आणि तिच्या दोन बाजूंना प्रकाश देणाऱ्या चिप बसवलेल्या असतात. तार चहूबाजूंनी प्रकाश देते, चिप फक्त आपल्या तोंडासमोर देते. पट्टीला जाडी असल्यामुळे दोन्ही चिप मूळ तारेच्या रेषेपासून थोड्या बाजूला सरकलेल्या असतात. एवढ्याशा फरकाने काय होते, असे दुकानदार विचारतो. काय होते, ते मी भिंतीवर पाहिले आहे.

माझ्या दाजींची पिकअप आहे. द्राक्षाच्या हंगामात ते जानोरीच्या बाजूला पॅकिंग शेडला माल पोहोचवतात आणि एरवी टोमॅटो घेऊन पिंपळगावच्या बाजारात जातात. त्यांनी परस्पर एलईडी बसवून घेतले आणि घरी सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्हा वायरमन लोकांना नवीन काही पचतच नाही." दाजी वयाने मोठे असल्याने मी तिथे उलट बोललो नाही, मात्र एक विनंती केली की, दोन्ही बल्ब एकाच गाडीवर लावून पाहू. ते लगेच तयार झाले, हे मान्य केले पाहिजे.

शेडच्या मागे सपाट काँक्रीटचे आवार आणि चुना दिलेली लांब भिंत होती. हवेचा दाब चारही टायरमध्ये बरोबर करून, हौदा रिकामा ठेवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. उजव्या बाजूला त्यांचा एलईडी तसाच ठेवला, डाव्या बाजूला नवा हॅलोजन लावला आणि भाच्याला गोणपाट देऊन एकेक दिवा आळीपाळीने झाकायला सांगितले. हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या प्रकाशाची वरची कड या खालच्या रेघेवर यायला हवी.

हॅलोजन पेटला आणि दाजी हसले, कारण तो खरोखरच मरगळलेला, तांबूस दिसत होता. मी होल्डरच्या मागे मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि होल्डरवर जेमतेम ११.६. होल्डरचे प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी पडले होते आणि अर्थिंगच्या बोल्टखालची वायर हिरवी झाली होती. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के घसरले की उजेड जवळपास ३० टक्के जातो. एच४ चा ठरलेला प्रकाश, अप्परवर (लांबच्या झोतावर) १६५० आणि डिपरवर १००० लुमेन (लुमेन हे प्रकाशाचे माप), हा १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो, त्यामुळे ११.६ व्होल्टवर त्या बल्बचा सुमारे एक तृतीयांश उजेड वायरमध्येच हरवत होता. मी बॅटरीपासून फ्यूज लावून दोन जाड वायर थेट होल्डरला आणल्या. भिंतीवर पांढरट, स्वच्छ पट्टा उमटला, त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी खालच्या खडूच्या रेघेवर बसली आणि डावीकडे ती तिरकी वर चढली. दाजींचे हसू थांबले.

मग हॅलोजन झाकून एलईडी पाहिला. एकूण उजेड जास्त होता, यात शंका नाही. पण वरची कड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नव्हते. खडूच्या वरच्या रेघेच्याही वर, उजव्या अंगाला, परातीएवढा पांढरा डाग पडला होता. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाचा चेहरा बरोबर तिथेच असतो.

तरीही दाजी म्हणाले की, रस्त्यावर काय दिसते ते महत्त्वाचे, भिंतीला कोण विचारतो. हा मुद्दा रास्त होता, म्हणून गाडी कालव्याच्या कडेच्या सरळ रस्त्यावर नेली. भाचा गडद निळा शर्ट घालून समोर चालत गेला आणि तो दिसेनासा झाला तिथे आम्ही दगड ठेवला, एकदा हॅलोजनवर आणि एकदा एलईडीवर. एलईडीवर बंपरच्या पुढचा रस्ता दुधासारखा उजळला होता, खडी न् खडी दिसत होती, आणि भाचा मात्र हॅलोजनपेक्षा बराच अलीकडे अंधारात गेला. याचे कारण साधे आहे. गाडीच्या नाकासमोरचा रस्ता फार उजळला की बाहुल्या आकसतात आणि लांबच्या अंधुक वस्तू दिसत नाहीत. चालकाला मात्र वाटत राहते की उजेड भरपूर आहे. दिंडोरी रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, ती गाडीच्या नाकासमोर दिसून उपयोग नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला जवळपास १७ मीटर रस्ता मागे पडतो.

शेवटी दाजी स्वतः मोटारसायकल घेऊन समोरून आले. एलईडीसमोर त्यांनी डोळ्यांवर हात धरला, हे मी आणि भाच्याने दोघांनी पाहिले. जवळ आल्यावर म्हणाले, "आपल्याला पुढचं दिसतंय ना, मग झालं. समोरच्यानं आपलं बघावं." ते एलईडी त्यांच्या गाडीवर आजही आहेत आणि कोणत्याही लग्नकार्यात हा विषय निघाला की ते हेच वाक्य म्हणतात. माझी बहीण सासरहून आमच्याकडे येते ती संध्याकाळी स्कूटरवर, त्याच रस्त्याने, आणि समोरून येणाऱ्या निम्म्या पिकअपवर हेच बल्ब असतात. समोरच्याने आपले बघावे, हे वाक्य मला मान्य नाही आणि कधी होणार नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळतो. २०,००० लुमेन असे छापलेले खोके कोणी दाखवले तर ते परत द्या. चांगली एलईडी चिप एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देते आणि हेडलाइटच्या मागच्या चिंचोळ्या जागेत २५-३० वॅटच्या वर उष्णता बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे खऱ्या प्रकाशाचा हिशोब तुम्हीच करू शकता. हॅलोजनची बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर पुढे निघून जाते, एलईडीची मागे साठते. म्हणून त्याला मागे पंखा किंवा तांब्याच्या जाळीची शेपटी लावावी लागते, मग हेडलाइटच्या मागचे रबरी झाकण (बूट) नीट बसत नाही, आणि इगतपुरीच्या पावसात आणि चांदवडच्या धुळीत पंखा किती टिकणार? पंखा बंद पडला की चिप तापते आणि उजेड उतरतो. स्वस्त बल्बमध्ये दहा-पंधरा मिनिटांतच तो उतरलेला दिसतो, दुकानात मात्र बल्ब फक्त मिनिटभर लावून दाखवतात.

तुम्ही घाटातील धुक्याचा उल्लेख केला आहे. पिवळा प्रकाश धुके भेदतो आणि पांढरा भेदत नाही, हे सगळेच सांगतात, पण मूळ कारण रंगात नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळ्या रंगांना जवळपास सारखेच पसरवतात. धुक्यात पांढरी भिंत उभी राहते ती वर उधळलेल्या प्रकाशामुळे, आणि वरची कड नीट नसलेला बल्ब नेमका तोच प्रकाश वर उधळतो. निळसर पांढऱ्या प्रकाशाची तिरीप डोळ्यांना जास्त खुपते, हे त्याशिवाय. निळा मुलामा दिलेले हॅलोजनही याच कारणाने घेऊ नका, तो मुलामा स्वतःच उजेड खातो. १००/९० वॅटचे बल्ब तर मुळीच नकोत. मूळ वायरिंग आणि होल्डर त्यांनी वितळतात आणि रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो.

तुमच्या गाडीच्या वायरिंगमध्ये हेडलाइटला रिले (स्विचच्या थोड्या करंटवर चालून बल्बचा मोठा करंट जोडणारा भाग) नसेल, तर दोन्ही अप्परचा मिळून सुमारे १० अँपिअर करंट स्विचमधून आणि बारीक वायरमधून जातो आणि होल्डरवर पोहोचेपर्यंत व्होल्टेज गळते. अप्पर आणि डिपरला वेगळे रिले, बॅटरीजवळ फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सिरॅमिक होल्डर आणि स्वच्छ अर्थिंग, एवढे काम कोणताही जाणकार वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. बॅटरी आणि होल्डर यांच्या व्होल्टेजमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर पैसे देऊ नका.

फोकस लावताना एक गोष्ट पिकअपवाल्यांकडून हमखास राहते. मागे माल भरला की पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, नाक वर उठते आणि रिकाम्या गाडीवर लावलेला डिपर भरलेल्या गाडीवर समोरच्याच्या तोंडावर जातो. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली करण्याची चकती असेल तर माल भरल्यावर ती वापरा. नसेल तर फोकस भरलेल्या गाडीवरच लावून घ्या, कारण रात्री तुम्ही भरलेलेच जाता.

कायद्याचेही सांगतो, कारण दाजी त्यावर "पोलीस कोण बघतो" म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तिरीप लागता कामा नये. आमच्या भिंतीवरचा तो डाग या नियमात बसत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये आहे. पासिंगच्या दिवशी बल्ब बदलून नेणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

हे सगळे लिहिल्यावर एक खुलासा केला पाहिजे. एलईडी हे तंत्र वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. कंपनीतून एलईडी हेडलाइटसह आलेली गाडी उत्तमच असते, कारण तिचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच घडवलेली असते. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरण्याची मान्यता मिळाली, पण तीसुद्धा ठरावीक बल्ब ठरावीक मॉडेलच्या ठरावीक हेडलाइटमध्ये तपासून. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बल्बबरोबर अशी यादी येत नाही. एलईडीला वीज कमी लागते हेही खरे, पण आल्टरनेटर हॅलोजनचा भार धरूनच दिलेला असतो, त्यामुळे त्या बचतीचा तुमच्या डिझेलवर जाणवेल असा फरक पडणार नाही.

आणि तुम्ही एलईडी घेऊनच बसला असाल, तर तो परत करण्याआधी एवढे तपासा. बल्बच्या दोन्ही चिप बरोबर डावी-उजवीकडे, घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी असल्या पाहिजेत, वर-खाली नव्हे. पुष्कळ बल्बांची कॉलर फिरवून हे जमवता येते. मग वर सांगितल्याप्रमाणे १० मीटरवरून भिंतीवर पाहा. वरची कड स्पष्ट दिसली, ती हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली बसली आणि उजवीकडे वर डाग पडला नाही, तर तो बल्ब माझ्या पाहण्यातील बहुतेकांपेक्षा बरा आहे, पण तरीही कायद्याची अडचण उरतेच. कड दिसली नाही तर फोकसचे स्क्रू फिरवत बसू नका, त्याने कड तयार होत नाही, फक्त डाग खाली-वर होतो. दुकानदाराला बल्ब परत द्या आणि त्या पैशात रिलेचे वायरिंग करून घ्या.