सिस्टरताईंना विचारा

प्रश्न : ताई, मी अमळनेरला खासगी दवाखान्यात जीएनएम (नर्सिंगची पदविका झालेली) नर्स आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला वर्षच उरलंय. ५ वर्षांत १५० तासांचं प्रशिक्षण हवं म्हणतात. माझे जेमतेम निम्मे झालेत. रात्रपाळी करून हे कधी करायचं?

उत्तर : अगं, भारतीय परिचर्या परिषदेचा १५० तासांचा हिशेब म्हणजे वर्षाला ३०. दरवर्षी थोडं केलं असतंस तर जाणवलंही नसतं. असो, मीही शेवटच्या वर्षीच धावले होते! आता मेट्रनना, म्हणजे मुख्य सिस्टरना, लेखी अर्ज दे, कार्यशाळेच्या आदल्या रात्री पाळी नको म्हणून. पैसे भरण्याआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का बघ. प्रमाणपत्रावर तास छापलेले हवेत. माझं एक त्यापायी वाया गेलं, दिवसभराचं जेवण तेवढं पदरात पडलं.

आणि नुसते तास मोजू नकोस. भुसावळहून पॅसेंजरने जळगावला एका कार्यशाळेला गेले होते. हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची, त्या सीपीआरचा सराव होता. पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मला वाटायचं, यात काय शिकायचं? शिकवणारी पोर म्हणाली, “सिस्टर, दाबताय छान, पण छाती पूर्ण वर येऊच देत नाही.” इतकी वर्षं तशीच दाबत होते मी.