नाशिकमध्ये सगळ्या धर्मांच्या लोकांना सोबत घेऊन सुशासनाचं काम कसं उभं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या नाशकात दहा-बाराजणांनी मिळून सुशासनासाठी संस्था काढली आहे. दोन सर्वधर्म सभा झाल्या. दोन्हींना तीच चाळीस माणसं आली, तेच सत्कार झाले आणि पुढे काहीच हललं नाही. आता काय करायचं?

तिसरी सभा घेऊ नका. गल्लीतलं गटाराचं एक तुंबलेलं चेंबर धरा.

व्यासपीठावर माणूस आपल्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून बसतो. चांगलं बोलतो, शाल घेतो आणि घरी जातो. चेंबरपाशी तोच माणूस रहिवासी म्हणून उभा राहतो, आणि बाजूला कोण उभं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. याची महाराष्ट्रातली सगळ्यात भक्कम साक्ष भिवंडीची आहे. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि त्यांत पुढाऱ्यांऐवजी रोजच्या जगण्यातली साधी माणसं घेतली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती रचना पोलिसांची होती. तुमची नागरिकांची आहे, त्यामुळे तुमचं काम महापालिकेच्या विभागीय कार्यालयापासून सुरू होईल. नाशकात असे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. तुमची गल्ली कोणत्या विभागात येते हे आधी पक्कं करून घ्या. सीमेवरच्या वस्तीतला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि घोंगडं महिनोन्‌महिने भिजत पडतं.

समितीसाठी माणसं कशी निवडायची? चोवीसच्या वर जाऊ नका. निम्म्या बायका हव्यात. मौलाना, मुतवल्ली (मशीद-दर्ग्याचे व्यवस्थापक), फादर, भंतेजी, ग्रंथीजी, मंदिराचे विश्वस्त या सगळ्यांना जाऊन भेटा, त्यांचा आशीर्वाद आणि होकार घ्या, पण समितीत त्यांच्यापैकी फार जण नकोत. त्यांच्याकडे फक्त एक मागा: "तुमच्याकडे नियमित येणारी, लिहिता-वाचता येणारी, भांडण न करता पाठपुरावा करणारी दोन माणसं द्या." बौद्ध वस्तीला 'हिंदूंमध्ये' मोजून मोकळे होऊ नका. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या शहरात सुरू झाला, तिथे विहाराला शेवटी आठवण झाल्यासारखं बोलावलं तर ते लक्षात राहतं, आणि राहायलाच हवं. शरणपूरचा ख्रिस्ती समाजही असाच अनेकदा यादीतून सुटतो.

वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. बहुतेक संस्था संध्याकाळी सातची बैठक लावतात. नाशकात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमाराला. मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच असते आणि दिवेलागणीची आरतीही त्याच सुमाराला. म्हणजे सातची वेळ हिवाळ्यात चालते, उन्हाळ्यात दोन्हीकडची माणसं गळतात. शुक्रवारची दुपार टाळा. रमजानमध्ये संध्याकाळची बैठक ठेवूच नका. रविवारी सकाळी साडेअकरा ही वेळ बहुतेकांना जमते, कारण तोवर चर्चची प्रार्थना आणि विहारातली वंदना आटोपलेली असते आणि जोहरला (दुपारच्या नमाजला) अवकाश असतो. पण त्या वेळी स्वयंपाक असतो, म्हणून बायकांसाठी दुपारी चारची वेगळी बैठक लागेल. आणि त्याआधी वस्तीत नळाला पाणी कधी येतं ते विचारा. पाण्याच्या वेळेत बैठक ठेवली की एकही बाई येत नाही, आणि मग 'महिलांचा प्रतिसाद नाही' असं अहवालात लिहिलं जातं.

पहिल्या तीन बैठका महापालिकेच्या शाळेत किंवा अभ्यासिकेत घ्या, नंतर आळीपाळीने प्रार्थनास्थळांच्या आवारात. चहा आणि साधी बिस्किटं पुरेत. जेवणाचा घाट घातला की कांदा-लसूण, उपवास, मांसाहार यातच अर्धा तास जातो.

आता पहिला प्रश्न कोणता घ्यायचा. त्याला तीन कसोट्या लावा: एकाच खात्याच्या हातात असावा, दीड महिन्यात निकाली निघण्यासारखा असावा, आणि निदान दोन धर्मांच्या घरांना सारखा त्रास देणारा असावा. चेंबर, पथदीप, घंटागाडीची अनियमित फेरी, कमी दाबाचं पाणी हे चांगले. भोंगे, अतिक्रमण आणि अनधिकृत धार्मिक बांधकामं पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण न्यायालयांच्या आदेशांत गुंतलेले आहेत. शिवाय तुमच्या गटात अजून तेवढी ओळख मुरलेली नाही.

तक्रार लिहिताना 'आमच्या भागात गटारी तुंबतात' असं लिहू नका. असं लिहा: 'पिठाच्या गिरणीसमोर, रस्त्याच्या डाव्या बाजूचं दुसरं चेंबर. झाकणाचा कोपरा तुटलेला, सुमारे दोन वीत रुंद भगदाड. सकाळी सात ते नऊ पाणी रस्त्यावर येतं. लगतच्या 14 घरांच्या उंबऱ्यापर्यंत पोचतं.' सोबत दोन फोटो लावा: एक जवळून, एक दुरून, आणि दुरच्या फोटोत गिरणीची पाटी दिसली पाहिजे. कनिष्ठ अभियंत्याला एवढं मिळालं की 'जागा सापडली नाही' हे उत्तर देता येत नाही. हीच तक्रार महापालिकेच्या मोबाईल ॲपवर टाका आणि कागदावरही आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर पुढचा सगळा पाठपुरावा तोंडी राहतो.

अर्ज कुणाच्या लेटरहेडवर जातो यावर बरंच अवलंबून असतं. एकाच ट्रस्टच्या किंवा जमातीच्या कागदावर गेला की कार्यालयात तो 'त्यांचा' अर्ज होतो. संस्थेच्या कागदावर द्या, आणि सह्या आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने घ्या, म्हणजे वर कोण आणि खाली कोण हा वादच राहत नाही.

दाद कुठे मागायची यात गल्लत होते. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हा अधिसूचित सेवांसाठी आहे, म्हणजे दाखले, प्रमाणपत्रं, परवानग्या. तिथे मुदत टळली की दोन अपिलं खात्यातच आणि तिसरं आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. खड्ड्याची तक्रार त्यात बसत नाही. खड्डा आणि चेंबर अडलं तर महापालिकेचा लोकशाही दिन आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. इथे एक मेख आहे: तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. संस्थेच्या नावाने दिलेला सामूहिक अर्ज त्यावरच परत येतो. म्हणून ज्याच्या उंबऱ्यात पाणी शिरतं त्याच्याच नावाने भरा. संस्थेने फक्त कागद नीट करून द्यावेत.

माहिती अधिकाराचा अर्ज (कायदा 2005 चा) काम अडल्यावरच टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांपर्यंत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला 30 दिवस, त्यानंतर पहिलं अपील 30 दिवसांच्या आत. 'काम का झालं नाही?' असं विचारू नका. 'का' ही माहिती नव्हे म्हणून अर्ज फेटाळला जातो. कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) प्रत, मोजमाप पुस्तिकेची (किती काम झालं त्या नोंदवहीची) पानं आणि देयकाची म्हणजे बिलाची प्रत मागा. त्याहून सोपा मार्ग आहे: 2018 च्या शासन परिपत्रकाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायची सोय केली. दोन वेगळ्या वस्त्यांतली दोन माणसं सोबत पाठवा. एका टेबलावर बसून एकच फाईल चाळण्यातून जी ओळख होते ती कुठल्याही परिसंवादात होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक तक्रारीची एक ओळ (आवक क्रमांक, तारीख, कोणाकडे, सद्यस्थिती) दर पंधरवड्याला सगळ्या प्रार्थनास्थळांच्या फलकांवर लावा. मजकूर सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा, मराठीसोबत हिंदी आणि उर्दूत. अपयशही लिहा.

राजकारणाबाबत कडक राहा. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, 1988 नुसार प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही, आणि तोटा तुम्हाला आवार देणाऱ्या विश्वस्तांना होतो. म्हणून आवारातल्या बैठकीला नगरसेवक किंवा इच्छुक नकोत; त्यांना भेटायचं तर त्यांच्या कार्यालयात जा. कायद्याने प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य घेता येतात. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी, तेव्हा सात सदस्य जमवून नोंदणीचे कागद आताच हलवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा आणि फॉरवर्ड पूर्ण बंद. अफवेसाठी प्रत्येक वस्तीतले दोन नंबर ठरलेले असावेत. संदेश आला की आधी त्या गल्लीतल्या माणसाला फोन, मग पोलीस ठाण्याला. खात्री होईपर्यंत ग्रुपवर 'हे खोटं आहे' असंही टाकू नका, कारण त्यानेही ती पसरते.

सणांचा काळ हीच खरी परीक्षा. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले आणि राज्यात अनेक ठिकाणी मिलादचे जुलूस पुढे ढकलण्यात आले. जुन्या नाशकात विसर्जनाची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि मिलादचा जुलूस चौक मंडईतून. बरेच रस्ते समाईक आहेत. मिरवणुकीच्या तीन आठवडे आधी दोन्हीकडची चार-चार माणसं घेऊन तो रस्ता एकदा पायी चाला. खड्डे, उघडी चेंबरं, बंद दिवे महापालिकेसाठी. लोंबत्या वीजतारा महावितरणसाठी. प्रत्येक नोंदीला दुकानाच्या पाटीची खूण द्या. यादी एकच करा, तिच्यावर गणेश मंडळांच्या आणि जुलूस कमिटीच्या माणसांच्या सह्या शेजारीशेजारी घ्या, आणि मग ती आवकला लावा.