कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं? आधी पाकीट शोधा

प्रश्न (मौदा तालुका): हरभऱ्याच्या वावरात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवलं होतं. राखणीच्या कुत्र्याने ते खाल्लं. शेजारी म्हणतात, दूध-तूप पाजा, विष उतरतं. पाजावं का?

प्रश्न (काटोल तालुका): गोदामात ठेवलेल्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या कुत्रीने खाल्ल्या, तीन दिवस झाले. अजून ठणठणीत आहे. दवाखान्यात न्यायलाच हवं का?

उत्तर: मौद्याच्या भाऊंनी दूध पाजू नये, तूप नाही, भाकरीचा तुकडाही नाही. झिंक फॉस्फाइडची राखाडी-काळी भुकटी पोटातल्या आम्लात मिसळली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. पोटात अन्न पडलं की आम्ल आणखी पाझरतं, म्हणजे मायेने भरवलेला घास विषालाच जोर देतो. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा गावठी उपायही नको. मीठ अंगात जास्त गेलं तर तीच दुसरी विषबाधा, आणि घोट श्वासनलिकेत गेला तर फुफ्फुसं जातात.

या विषावर उतारा नाही. ओकाऱ्या, पोट फुगणं, धाप, लटपटणं, झटके ही लक्षणं बहुधा 15 मिनिटांपासून 4 तासांत सुरू होतात, कधी उशिराही. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता कुत्रा गाडीत घाला. डॉक्टर आम्ल मारणारं औषध, सलाईन, ऑक्सिजन, झटक्यांवरची औषधं देऊन जनावर सावरून धरतात. ओकवायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. ओकारीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर तो वायू तुमच्याही छातीत जातोय. लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

काटोलच्या ताईंना मात्र मी म्हणेन, आजच न्या. ब्रोमॅडिओलोन फसवं आहे. रक्त गोठवणारे घटक तयार व्हायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं, आणि हे विष त्याचा पुनर्वापर अडवतं. आधीचा साठा संपेपर्यंत कुत्री उड्या मारत असते. तीन ते पाच दिवसांत हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, शी काळी होते. कधी छातीतच रक्त साचतं आणि बाहेर दिसते फक्त धाप. खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी केली की नेमकं कळतं, म्हणजे तुमची वेळ हीच आहे. तोवर तिला पळू देऊ नका, आणि गावात कुणाकडून सुई टोचून घेऊ नका. टोचल्या जागी रक्त साचतं.

दिलासा इतकाच की या विषाला उतारा आहे: व्हिटॅमिन के-1. के-3 चालत नाही, दुकानदाराने ‘सारखंच आहे’ म्हटलं तरी घेऊ नका. गोळ्या साधारण तीन-चार आठवडे चालतात, आणि त्या जेवणासोबत द्यायच्या, कारण त्या स्निग्ध अन्नाबरोबर अंगी लागतात. म्हणजे मौद्याला जे तूप नको सांगितलं, ते इथे चालतं. आठवड्याभरात कुत्री खेळू लागली म्हणून बंद केलं की पुन्हा रक्तस्राव होतो. शेवटच्या गोळीनंतर 48 तासांनी रक्त पुन्हा तपासून घ्या. फार रक्त गेलं असेल तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागतं. अशा वेळी नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

एवढ्यासाठी पाकीट जपा. औषध कोणतं, किती आणि किती वाजता खाल्लं, हे डॉक्टर आधी विचारतात, आणि ‘उंदराचं होतं’ या उत्तराचा त्यांना उपयोग नाही. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट तर आणखी तिसरंच प्रकरण. ती दोन-तीन दिवसांनी यकृत खाते. तिलाही दूध-तेल अजिबात नको.

आता वावरातलं. आमिष धुऱ्यावर उघडं टाकाल तर कुत्राच नाही, शेळीही खाईल. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. त्यांतच, कागदाच्या पुडीत, आमिष आत खोल सारा आणि तोंड पुन्हा बुजवा. झिंक फॉस्फाइडआधी दोन-तीन दिवस विष न घातलेलं दाण्याचं आमिष द्या, नाहीतर उंदीर एकदा चाखून बिथरतात. रोज सकाळी फेरी मारून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, कारण विषारी उंदीर खाल्लेल्या कुत्र्यालाही विष बाधतं. ते आटोपेपर्यंत राखणीचा कुत्रा दावणीलाच बरा.