वेबसाइटच्या चाव्या कुणाकडे?

प्रश्न : आमच्या भागातल्या रहिवाशांची एक वेबसाइट आहे. कार्यक्रम, सूचना, पाणी-विजेच्या बातम्या, स्थानिक व्यावसायिकांची यादी असं त्यावर असतं. ती सांभाळण्याचं आठवड्याला पंधरा तासांचं, घरून करायचं काम निघालं आहे. समितीचे तिघं व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणार आहेत. मी एका हौशी नाट्यसंस्थेची वर्डप्रेसवरची (कोडिंगशिवाय साइट चालवता येते अशा प्रणालीवरची) साइट काही वर्षं बघितली आहे, पण कोडिंग येत नाही. काय विचारतील? मी काय विचारू?
— एक वाचक

उत्तर : कोडिंगचा विषय आधी निकालात काढू. विचारलं तर ‘येत नाही’ असं सरळ सांगा आणि लगेच काय येतं ते सांगा. बॅकअप घेऊन मगच प्लगइन (साइटला जोडलेल्या जादा सोयी) अपडेट करता, आणि अपडेट झाल्यावर साइटवरचा संपर्काचा फॉर्म स्वतः भरून ईमेल येतो का ते बघता, एवढं बोललात तरी पुरे. मी अशा मुलाखती दिल्याही आहेत आणि घेतल्याही आहेत. फॉर्म भरून बघण्याचं जो सांगतो त्याने काम केलेलं असतं, हे तेव्हाच कळतं.

समितीची खरी धास्ती वेगळी असते आणि ती सहसा बोलून दाखवली जात नाही. आधीचा उत्साही माणूस निघून जातो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, त्याच्या खासगी ईमेलवर असतं, होस्टिंगचे, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचे, पैसे तिसऱ्याच कुणाच्या कार्डातून जातात आणि पासवर्ड कुठल्याशा वहीत. घोडं पेंड खातं ते इथे. नूतनीकरणाच्या सूचना कुणीच न उघडणाऱ्या ईमेलवर येत राहतात. डॉटकॉम नाव मुदत संपून रद्द झालं तर ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, तेही बहुधा जादा पैसे मोजून. पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते नाव कुणीही उचलावं. म्हणून तुम्हीच विचारा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? ते समितीच्या ईमेलवर आणता येईल का? मी सोडून गेले तर चाव्या कुणाकडे द्यायच्या? नोकरी लागायच्या आधीच सोडण्याची भाषा कशी करायची, असं वाटेल. पण समोरच्यांचा जीव भांड्यात पडतो तो नेमका याच प्रश्नाने.

त्यांच्याकडून येणारा एक प्रश्न जवळपास ठरलेला: ‘रात्री मेसेज आला, मूल हरवलंय, फोटो टाका. काय कराल?’ ‘लगेच टाकेन’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते कच्चं. आधी कुटुंबाशी किंवा पोलिसांशी बोलून खातरजमा करायची. संपर्कासाठी शक्यतो पोलिसांचा नंबर द्यायचा. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याची नोंद दडलेली असू शकते, ती काढून टाकायची. आणि मूल सापडल्यावर फोटो व नाव साइटवरून उतरवायचं. हा शेवटचा भाग बहुतेक उमेदवार विसरतात, आणि ते नाव पुढे कित्येक वर्षं सर्चमध्ये सापडत राहतं.

नमुन्यादाखल काम देतील तर हमखास व्हॉट्सअॅपवर फिरलेलं पोस्टर पाठवतील आणि ‘हे टाकून दाखवा’ म्हणतील. चित्र तसंच चिकटवू नका. तारीख, वेळ, ठिकाण टाइप करून लिहा आणि चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ) द्या, म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांनाही ते कळेल. पिवळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर तेही दाखवून द्या. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण किमान ४.५:१ हवं, असं वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेलं आहे. (पोस्टर अध्यक्षांनी स्वतः केलेलं असण्याची शक्यता दाट, तेव्हा जरा बेताने.) असं तासाभराचं काम ठीक आहे. अख्खं मुखपृष्ठ नव्याने करून मागितलं तर त्याचे पैसे विचारा.

कॉलवर नाट्यसंस्थेची साइट दाखवणार असाल तर लोकांना दिसते तेवढीच दाखवा. अॅडमिनचं पान उघडलंत की प्रेक्षकांची नावं आणि नंबर तिघांच्या डोळ्यांपुढे येतील, आणि उद्या ही आपल्या लोकांची माहितीही अशीच दाखवेल, हे त्यांच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. कॅमेरा, उजेड वगैरे तुम्ही बघालच.

आता तुमचे प्रश्न. एखाद्या मजकुरावरून तिघांचं एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? व्यावसायिकांच्या यादीत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे कोण ठरवणार? हे आधी ठरलं नाही तर तिघंही तुम्हाला वेगवेगळा फोन करतील. आणि पंधरा तास म्हणजे कोणते, हे नक्की विचारा. सूचना येतात संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणत आठवडा कसा भरतो ते कळतही नाही. तातडीचं म्हणजे काय आणि बाकीच्याला किती वेळात उत्तर द्यायचं, हे ठरवून घ्या. होस्टिंग आणि प्लगइनचा खर्च थेट समितीच्या खात्यातून जाऊ दे, तुम्ही आधी भरून मग बिलं मागत बसू नका. मानधन महिन्याचं ठरलं तर पंधराच्या वरच्या तासांचं काय, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या, आणि ते पत्र हातात आल्यावरच पासवर्ड स्वीकारा.